किटली उकळेपर्यंत

या बाईंची आणि माझी ओळख माझ्या कवळीमुळे झाली. प्रौढ साक्षरता वर्गात मी त्या वेळी जोडाक्षरांपर्यंत पोहोचलो होतो. आमचा वर्ग सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत भरत असे. शनिवारी दुपारी वर्ग सुटला की त्याच खोलीत संगणकाची हौस असणाऱ्यांचे मंडळ जमत असे. आम्ही आमच्या वह्या उचलीत असतानाच ती मंडळी वायरींची भेंडोळी खांद्यावर टाकून आत येत. एका शनिवारी फळ्यावरचा उतारा मोठ्याने वाचत मी एकटाच मागे राहिलो होतो. दारात एक बाई छातीशी खोके धरून उभ्या होत्या. माझे वाचन पूर्ण होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "काका, तुमची खालची कवळी सैल आहे. वाचताना उचलली जाते."

मला राग आला. मी विचारले, "तुम्ही दातांच्या डॉक्टर का?"

"नाही. मी कवळ्या करते. वरची आमच्याच लॅबमधली दिसते. खालची दुसऱ्या कुणाची तरी आहे."

ते खरे होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझी खालची कवळी लॅबमध्ये नेऊन नीट करून आणली. जिभेने चाचपून पाहता ती आपलीच वाटू लागली. ज्या बाईंनी मला नीट बोलता यावे अशी सोय केली, त्यांचे स्वतःचे बोलणे मात्र त्या खोलीत कोणी शेवटपर्यंत ऐकून घेत नसे, हे मला नंतर कळले. म्हणून मी हे लिहीत आहे.

मला घरी नेण्यास माझे जावई येत. त्यांचे दुकान उशिरा बंद होत असल्याने मी खोलीच्या कोपऱ्यात बसून राही. मंडळाचे अध्यक्ष मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतात. ते मला एकदा म्हणाले, "काका, नुसते बसलात तर झोप लागेल. चहाची किटली सांभाळाल का?" तेव्हापासून विजेची किटली माझ्याकडे आली. ते काम दिसते तितके साधे नाही, आणि का ते सांगणे आवश्यक आहे.

मंडळाची एक पद्धत होती. प्रत्येक शनिवारी एका सभासदाने मधल्या टेबलावर आपले काम मांडायचे आणि त्याविषयी बोलायचे. बोलणे सुरू होताच मी किटलीचे बटण दाबायचे. पाणी उकळून बटण आपोआप टक् करून वर आले की बोलणाऱ्याने थांबायचे आणि सर्वांनी चहा घ्यायचा. हा नियम या बाईंमुळेच करावा लागला होता. नियमापूर्वी त्या एकदा इतका वेळ बोलल्या की वाचनालयाच्या शिपायाने खालून दिवे घालवले, आणि त्या अंधारातही बोलत राहिल्या. असे अध्यक्षांनी मला हसत हसत सांगितले.

परंतु नियम झाल्यावर तो सर्वांत काटेकोरपणे पाळणाऱ्याही त्याच होत्या. टक् असा आवाज आला की त्या वाक्याच्या मध्येच थांबत. पुन्हा त्यांची पाळी आली की त्याच वाक्याच्या उरलेल्या भागापासून सुरुवात करीत, जणू मध्ये काही घडलेच नाही. "...म्हणून तिसरी तार आधी काढायची," असे म्हणत त्या एकदा उभ्या राहिल्या तेव्हा एका नव्या सभासदाने घाबरून आपल्या यंत्राची तारच उपटली.

मंडळात त्यांना सगळे 'किडा' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याही त्या हाकेला ओ देत. मला तो शब्द अपमानाचा वाटला. मी अध्यक्षांना तसे बोललो.

"अहो काका, शिवी नाही ती," ते म्हणाले. "आम्ही सगळे इथे हौशी. मला संगणक आवडतो, याला आवडतो, त्याला आवडतो. घरी गेलो की जेवतो, बायकोशी भांडतो, झोपतो. किड्याला संगणक आवडतो असं नाही म्हणता येत. किड्याला त्यातलं कुठलं तरी एकच काही दिसतं, आणि मग ते सुटत नाही. आम्ही सगळे वेडे, मान्य. पण आमच्यातही ती वेडी."

शेजारी ज्यांच्या यंत्राच्या पोटात रंगीत दिवे लुकलुकत असतात, आणि ज्यांना म्हणूनच दिवेवाले म्हणतात, ते गृहस्थ होते. ते म्हणाले, "आमचं लग्न झालंय संगणकाशी, काका. तिचं अजून प्रेम चाललंय."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण एक क्षण उशिरा, दुसऱ्यांचे पाहून.

त्यांचे ते 'एकच काही' कोणते, हे कळण्यास मला बराच काळ लागला. त्या दर वेळी एक जुनी कॅसेट, एक टेपरेकॉर्डर आणि टीव्हीला जोडायचा एक संगणक टेबलावर मांडीत. त्या संगणकाच्या किल्ल्यांवरची अक्षरे बोटांनी पुसून गेली होती. पूर्वी अशा घरगुती संगणकांत माहिती साठवण्यासाठी गाण्याच्या कॅसेटच वापरीत. कॅसेट लावली की टेपरेकॉर्डरमधून एक किंचाळणारा आवाज निघे. तो आवाज संगणक ऐके आणि त्यातून प्रोग्राम पडद्यावर आणी. माणसाला तो आवाज नकोसा होतो. दिवेवाले कानांत बोटे घालीत आणि म्हणत, "ताई, तुमच्या संगणकालाही आता कवळीच बसवा." बाई मात्र मान तिरपी करून ऐकत आणि म्हणत, "इथे टेप चुरगळली आहे. इथे दादा खोकला आहे."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. ते लहानपणी एका दुकानातून कोणीतरी टाकून दिलेला तो संगणक घेऊन आले होते. भावंडांनी मिळून एक खेळ लिहावयास घेतला. खेळ असा, की एक ठिपका त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात फिरतो. उंबऱ्यातून आत येतो, स्वयंपाकाच्या ओट्याला वळसा घालतो, आईच्या शिवणयंत्राखालून जातो आणि मागच्या खोलीच्या दारापाशी पोहोचतो. भिंती बहिणीने काढल्या, ठिपक्याचे चालणे भावाने लिहिले. मागच्या खोलीत काय असणार, हे भावाने गुपित ठेवले होते. नंतर भाऊ पुढच्या शिक्षणाला दूर गेले. जाताना म्हणाले, "छोटे, उरलेलं मी आल्यावर करू." ते आले, पुष्कळदा आले. सणासमारंभाला आले, आईच्या आजारपणात आले, घर विकताना आले. संगणकाच्याच एका कंपनीत ते मोठे अधिकारी झाले. दाराचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

कॅसेट जुनी झाली. तिच्यावरचा आवाज जागोजागी पुसट झाला, आणि खेळ पडद्यावर येईनासा झाला. बाईंनी कित्येक वर्षे लॅबमधून घरी आल्यावर तो आवाज तुकड्यातुकड्याने ऐकला. कोठे काय हरवले आहे ते शोधले आणि टेपच्या त्या जागा पुन्हा भरल्या. दिवेवाले, जे मनाने फार चांगले आहेत, बाईंना एकदा म्हणाले, "अहो ताई, चार भिंती आणि एक ठिपका! मी तुम्हाला एका दुपारी नवीन करून देतो. रंगीत देतो!"

"मग तो तुमचा होईल," बाई म्हणाल्या.

मी आयुष्यभर भिंती रंगवल्या आहेत. जुना रंग खरवडताना खाली आणखी जुना रंग लागतो, त्याखाली त्याहून जुना. कधी कधी सर्वांत खालचा लागला की घरमालकीण हात धरून म्हणे, थांबा, हा आम्ही आलो तेव्हाचा. मला बाईंचे म्हणणे तेथून समजले. इतरांना का समजू नये, याचे मला नवल वाटे. परंतु त्यांनी भिंती रंगवलेल्या नाहीत.

असेच एकदा बाई मंडळात आल्या त्या घाईने. खोके खाली ठेवण्याआधीच अध्यक्षांना म्हणाल्या, "पुढचा शनिवार मला द्या. दादा येतोय. कामासाठी येतोय, पण दुपारी थोडा मोकळा आहे. कॅसेट पूर्ण झाली आहे. सगळी वाचली जाते."

"दिला," अध्यक्ष म्हणाले. "आणि त्या दिवशी किटली नको. निवांत बोला."

"नाही नाही. नियम म्हणजे नियम. माझ्यामुळेच झालाय तो."

"अगं किडे, तुझा भाऊ येतोय!"

"म्हणूनच. माझ्यासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवलंय असं त्याला नको वाटायला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, फक्त पाणी भरपूर घाला. किटली भरलेली असली की वेळ पुरतो. मी घरी लावून बघितलंय."

मी विचारले, आधीच खेळ पडद्यावर आणून ठेवला तर चालणार नाही का? भाऊ आले की थेट दाखवता येईल. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी पुस्तक उलटे धरले आहे. "तो आवाज त्यानं ऐकायला हवा ना, काका. आवाज न ऐकता नुसता खेळ बघितला तर त्याला काय आठवणार?"

त्या शनिवारी मी किटली काठोकाठ भरली. झाकण लावताना थोडे पाणी सांडले, ते मी पुसून घेतले. बाई लॅबमधला पांढरा कोट घालूनच आल्या होत्या. बाहीवर प्लास्टरचे डाग होते. त्यांच्या ते लक्षात नव्हते. भाऊ वेळेवर आले. उंच, पांढऱ्या केसांचे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी सर्वांना नमस्कार केला. दिवेवाल्यांच्या यंत्राचे कौतुक केले, माझीही विचारपूस केली. मग पुढच्या खुर्चीवर बसून त्यांनी आपला मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला.

अध्यक्षांनी मला खूण केली. मी बटण दाबले.

बाईंनी ठरवले होते की दोन वाक्ये बोलायची आणि कॅसेट लावायची. त्या दोन वाक्ये बोलल्या. कॅसेट हातात घेतली, टेपरेकॉर्डरचे झाकण उघडले. तेवढ्यात भाऊ पुढे वाकून म्हणाले, "छोटे, हेड अजून स्पिरिटनंच पुसतेस का गं?"

हा प्रश्न साधा होता. टेपरेकॉर्डरमध्ये टेपला टेकून आवाज वाचणारा जो भाग असतो त्याला हेड म्हणतात, आणि तो स्वच्छ ठेवावा लागतो, एवढेच. परंतु इतक्या वर्षांत बाईंना त्याविषयी कोणी प्रश्न विचारलाच नव्हता, आणि आता विचारला तो भावाने. बाईंचा चेहरा उजळला. तसा तो मी पूर्वी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "नाही रे! स्पिरिटनं रबर कडक होतं." आणि मग त्या सांगत गेल्या. रबर कशाने मऊ राहते, कापूस कोणता चालत नाही, लॅबमध्ये मेण पुसण्यासाठी जो बारीक ब्रश असतो तो हेडसाठी कसा उत्तम चालतो. भाऊ ऐकत होते. मध्येच "हो का?" म्हणत होते. किटलीत पाणी गुणगुणू लागले. ते मला ऐकू येत होते. अध्यक्षांनाही येत होते, कारण ते माझ्याकडे पाहत होते. बाईंना येत नव्हते.

"ताई, कॅसेट," दिवेवाले हळूच म्हणाले. हे त्यांच्याविषयी मी मुद्दाम लिहून ठेवतो.

बाई दचकल्या. त्यांनी कॅसेट लावली. आवाज सुरू झाला. प्रथम एक लांब, सरळ सूर, मग ती फाटकी, खरखरीत किंचाळी. त्या दिवशी कोणीही कानांत बोटे घातली नाहीत. भावाने डोळे मिटले आणि मान तिरपी केली. बहीण जशी करते अगदी तशीच. टीव्हीच्या पडद्यावर कडेने पट्टे धावू लागले. म्हणजे संगणक ऐकत होता. बाई पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या भावाकडे पाहत होत्या.

किटलीच्या तोंडातून वाफ आली. मला वाटले, हात लावून बटण धरून ठेवावे. परंतु त्याचा काय परिणाम होईल हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मी बसून राहिलो. टक् झाले.

त्याच क्षणी पडद्यावरचे पट्टे थिजले. आवाज चालू होता. पण संगणकाने ऐकणे सोडून दिले होते. पडद्यावर एक ओळ उमटली. ती इंग्रजीत होती; तिचा अर्थ बाईंनी मला नंतर सांगितला. चूक झाली आहे, पुन्हा सुरुवातीपासून लावा, असे तिच्यात होते.

भावाचे डोळे अजून मिटलेलेच होते. ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आई, आत्ता नको ना!"

मग त्यांनी डोळे उघडले आणि दोघे भाऊबहीण एकमेकांकडे पाहून इतके हसले, की आम्हाला काय झाले ते कळेना. बाईंनी नंतर मला समजावले. लहानपणी कॅसेट लागलेली असताना आई इस्त्री लावी. इस्त्रीचे बटण तापून बंद होताना विजेला एक उचकी लागते. ती उचकी संगणकाला कॅसेटमधलाच आवाज वाटतो, आणि सगळे बिघडते. म्हणून कॅसेट लावली की दोघे ओरडत, आई, आत्ता नको! किटलीचे बटणही इस्त्रीसारखेच. बाईंनी टेपचा कणन् कण तपासला होता, किटलीचा वेळही मोजला होता. आईची इस्त्री तेवढी त्यांच्या ध्यानातून गेली होती.

"परत लावते," त्या म्हणाल्या. "बस. थोडाच वेळ."

भावाच्या मांडीवरचा मोबाइल थरथरू लागला होता. त्यांनी तो सुलटा केला आणि पाहिला. "खाली गाडी आलीय गं," ते म्हणाले. "आणि तुमचा तो नियम आहे ना? किटली उकळली." ते हे थट्टेने म्हणाले असावेत. अध्यक्ष उठून म्हणाले, "साहेब, नियमाचं सोडा हो, बसा तुम्ही." भावाने घड्याळाकडे पाहिले. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. कोटाच्या बाहीवरचे प्लास्टर नखाने थोडे खरवडले. "फार छान केलंयस, छोटे. मला व्हिडिओ पाठव. नक्की पाठव."

"हो," बाई म्हणाल्या.

दारात ते थांबले. बाई कॅसेट मागे फिरवीत होत्या आणि त्या फिरण्याचा सरसर आवाज येत होता. भावाचा पाय निघत नव्हता असे मला वाटले. परंतु वाटणे आणि असणे यांत अंतर आहे, आणि जिन्यावरून त्यांची पावले लवकरच खाली गेली.

चहा झाला. कोणी चेष्टा केली नाही. दिवेवाल्यांनी आपल्या यंत्राचे दिवे स्वतःहून बंद केले आणि म्हणाले, "ताई, माझंही सगळं बोर्डावरून काढलंय, लावा आता." बाईंनी पुन्हा कॅसेट लावली. या वेळी किटली गार होती. आवाज शेवटपर्यंत गेला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचे एक लहान घर उभे राहिले. उंबऱ्यात एक ठिपका होता. मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या यंत्रांकडे गेली. ते स्वाभाविक होते. मी मात्र किटली धुऊन तेथेच उभा राहिलो.

"चालवा, काका," बाई म्हणाल्या, आणि कोणती किल्ली दाबायची ते दाखवले.

मी ठिपका चालवला. ओट्याला वळसा घातला. शिवणयंत्राखाली तो दिसेनासा झाला तेव्हा मी घाबरलो. बाई म्हणाल्या, "घाबरू नका, निघेल पलीकडून. आम्ही लहान असताना तिथंच लपायचो." तो निघाला. मागच्या खोलीच्या दारापाशी गेला आणि थांबला. मी किल्ली पुन्हा पुन्हा दाबली.

"इथपर्यंतच आहे."

मी विचारले, "तुम्हाला ते दार उघडता येणार नाही का? तुम्हाला तर हे सर्व येते."

"येईल की. पाच ओळींचं काम आहे." त्यांनी ठिपक्याकडे पाहिले. "पण दार दादाचं आहे. आत काय आहे ते त्यालाच माहीत. मी उघडलं तर आत मीच असेन, काका."

मी आणखी विचारले, व्हिडिओ कधी पाठवणार? तेव्हा त्या टेपरेकॉर्डरचे झाकण पुसत म्हणाल्या, "नाही पाठवणार. पाठवला तर तो बघेल. आणि मग यायला कारण काय उरेल?"

हौशी माणूस आणि किडा यांतला फरक अध्यक्षांनी मला सांगितला होता, आणि तो बरोबरच होता; परंतु त्या दारापाशी उभे राहून जी वाट पाहावी लागते तिच्याविषयी ते काही बोलले नव्हते. त्यांनाही ते ठाऊक नसावे.

भाऊ अद्याप आलेले नाहीत. फोनवर येतो म्हणतात. बाई दर शनिवारी येतात, खोके उघडतात, हेड पुसतात, कॅसेट पूर्ण वाचली जाते की नाही ते एकदा पाहतात, आणि ठिपका दारापाशी नेऊन ठेवतात. भाऊ येऊन गेले त्या दिवशी मात्र, किटलीचा नियम कधी न मोडणाऱ्या या बाईंनी, जावई मला घेण्यास आले तेव्हा जिन्यापर्यंत येऊन माझा हात धरला, आणि कोणी ऐकत नाही हे पाहून म्हणाल्या, "काका, दादा येईल त्या दिवशी किटली भरून ठेवा. पण मी सांगेपर्यंत लावू नका."